हापशाची बाजू

फुटबॉल क्लबातला पहिला रविवार करून आली त्या दिवशी माझी धाकटी बहीण जेवता जेवता म्हणाली, "अक्का, हापसाईड म्हंजे हापशाची बाजू न्हाई."

अण्णांचा घास हातातच राहिला. माय चुलीपुढं भाकरी थापत होती, तिनंही मान वळवली.

"मग काय हाय?" अण्णांनी विचारलं.

"ते वायलंच हाय. इंग्रजी शब्द हाय. ऑफ साईड."

"कोन म्हनलं?"

"क्लबातले उस्ताद."

"उस्तादाला काय म्हाईत? त्यानं आपला हापसा बगितलाय का?"

मी अण्णांच्या बाजूनं होते, कारण मीही त्याच शाळेत शिकले होते आणि सरकारी शाळेत शिकलेलं खोटं असू शकतं हे मान्य करायची माझी तयारी नव्हती.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून आत. शाळेच्या मैदानाच्या एका अंगाला वर्गखोल्या, दुसऱ्या अंगाला हापसा, म्हणजे हातपंप. हापशाभोवती बारमाही चिखल. फुटबॉल खेळताना बॉल त्या अंगाला गेला की कुणीतरी ओरडायचं, "हापसाईड!" मग खेळ थांबायचा. ज्यानं बॉल घालवला त्यानंच तो आणायचा आणि हापसा मारून धुवायचा. तेवढ्यात बाकीच्यांनी पाणी पिऊन घ्यायचं. त्या बाजूनं गोल झाला तर धरायचा नाही. नियम साफ होता, पहिलीच्या पोरालाही कळत होता, आणि त्यात तहानेची सोय होती. पीटीचे सरही ह्याच शाळेतून शिकून ह्याच शाळेत लागलेले. त्यांनाही नियम मैदानावरच मिळाला होता.

मुलांचा संघ दरवर्षी परभणीला शालेय स्पर्धेला जायचा आणि पहिल्याच सामन्यात हरून यायचा. आल्यावर सांगायचा, पंच पार्शल होते, हापसाईड नसताना हापसाईड दिली. एका वर्षी अण्णांनी त्याच्यावर पत्रक काढलं. वर ठळक अक्षरात 'ग्रामीण खेळाडूंवरील अन्याय थांबवा!' आणि खाली, 'ज्या मैदानात हापसाच नाही तेथे हापसाईड कशी, याचे उत्तर प्रशासनाने द्यावे.' आमच्या घरी पत्रक निघायला फार मोठं कारण लागत नसे. पहिलीच्या पुस्तकाआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं.

प्रशासनानं उत्तर दिलं नाही. आता मला वाटतं, त्यांना प्रश्नच कळला नसणार.

क्लबाला माझा तत्त्वतः विरोध होता. मी तेव्हा गावाहून ये-जा करून परभणीला कॉलेजात शिकत होते. एकदा तिथल्या मैदानावर पळण्याच्या शर्यतीला बहिणीला घेऊन गेले, तर शर्यत संपल्यावर ही कुठल्यातरी पोरांच्या बॉलमागं पळायला लागली. तिथं एक दाढीवाला तरुण माणूस शिट्टी तोंडात धरून बघत उभा होता. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि सकाळ-संध्याकाळ तो पोरांना फुटबॉल शिकवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे.

"बाजी, इसको छोडो नक्को," तो मला म्हणाला. "बच्ची के पाव में दिमाग है."

मी त्याला तिथंच, उन्हात, सविस्तर सांगितलं की खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, विकत घ्यायची वस्तू नाही. आणि फी घेऊन खेळ शिकवणारे क्लब म्हणजे क्रीडा क्षेत्राचं खासगीकरण आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही शिट्टी वाजवली नाही.

"हौ बाजी, बरोबर है," तो म्हणाला. "इतवार को लेके आव."

घरी मायनं निकाल दिला. "शाळंच्या टीममधी असशील तर क्लबात जा. शाळंचं सर्टिफिकेट भेटतंय, धाव्वीला मार्क वाढतेत. नुसत्या क्लबासाठी पोरगी परभनीला धाडायची न्हाई. आन् संगं अक्का जाईल."

म्हणजे क्लबांच्या विरोधात असलेली घरातली एकमेव व्यक्ती दर रविवारी पिंगळीहून गाडीत बसून बहिणीला क्लबात पोचवायला लागली. क्रीडेच्या खासगीकरणावर मी एका पत्रकाचा मसुदा करत होते. तो मी क्लबाच्याच मैदानाच्या कडेला बसून लिहिला, मांडीवर तिची चप्पल आणि डबा ठेवून, कारण सावली तिथंच होती.

क्लबात सगळं रांगेत. जमिनीवर खुणेसाठी प्लास्टिकच्या रंगीत टोप्या मांडलेल्या, प्रत्येकाला वेगळा बॉल, आणि तो बॉल टोप्यांमधून न्यायचा, आणायचा, पुन्हा न्यायचा. बहीण पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली.

"तिथं बॉलला लाथच मारू देत न्हाईत, अक्का. नुसतं पायानं कुरवाळायला लावतेत. म्हशीला बी कुनी एवढं कुरवाळत न्हाई."

"मग सोड," मी आशेनं म्हणाले.

"कामून सोडू?"

बाकीची पोरं डॉक्टरांची, बियाण्याच्या दुकानदारांची. त्यांचे वडील गाडीतून यायचे आणि कडेला उभं राहून इंग्रजीत ओरडायचे. त्यातले एक पांढऱ्या गाडीवाले काका सारखे "प्रेस! प्रेस!" म्हणायचे. बहिणीनं मला हळूच विचारलं, "ते इस्त्री कामून म्हनायलेत?" मला माहीत नव्हतं. मी कॉलेजात असल्यामुळं म्हणाले, "खेळातली संज्ञा आहे."

आणि क्लबात कुणी कुणाला चिडवत नव्हतं. चुकलं तर उस्ताद शांतपणे थांबवायचे, पाय कुठं ठेवायचा ते दाखवायचे, पुन्हा करायला लावायचे. पोरं गपगुमान करायची, आणि घामाघूम झाली की आपापल्या बाटल्यांकडं जाऊन बसायची.

शाळेत तसं काही नव्हतं. शाळेला एक फुटबॉल होता. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, पृथ्वीच्या गोलाशेजारी राहायचा. दुरून बघितलं तर कोणता कोणता ते कळायचं नाही. किल्ली मुख्याध्यापकांकडं आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. बॉल निघाला की वर्गातल्या सगळ्या पोरी एकदम त्याच्यामागं. कुणाची जागा ठरलेली नाही, कुणाला बाहेर बसवलेलं नाही. बॉल दिसत नसे, नुसता धुरळा ह्या टोकाकडून त्या टोकाकडं जाताना दिसायचा. पीटीच्या सरांची नेमणूक हिंदीसाठी होती आणि त्यांचा खरा खेळ कबड्डी. ते मैदानाच्या कडेनं पळत ओरडायचे, "धरा तिला! सोडू नका! वढा!" पंचांची शिट्टी नसती तर आमच्या संघानं बरीच मैदानं मारली असती.

पण ह्याच सरांनी मुलींचा संघ काढला होता. घरोघर जाऊन बापांना पटवलं होतं. संघाची कॅप्टन गोलकीपर होती, उंच, रुंद खांद्याची, आवाज तर असा की बॉल यायच्या आधी समोरची पोरगी दचकायची. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे आणि तिलाही न्यायचे. सर मुकादमाशी भांडून, तिला मावशीकडं ठेवायला लावून, शाळेत टिकवत होते. क्लबात अशी मुलगी मी एकही बघितली नाही. हे मी मसुद्यात लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

तर बहीण शनिवारपर्यंत शाळेची आणि रविवारी क्लबाची, असं चाललं होतं. शाळेत पोरींनी तिचं नाव 'क्लबवाली' ठेवलं. ती बॉल पायाशी थांबवून आधी मान वर करून बघायची, तर कॅप्टन ओरडायची, "अगं ए क्लबवाली, फोटू काडायलीस का? मार की!"

मग एक दिवस ते सरांच्या कानावर गेलं. सर सगळ्या संघासमोर म्हणाले, "आमी धुळीतून पोरी गोळा करायच्या आन् क्लबवाल्यानं तयार पोरगी उचलायची, आँ? शाळा का क्लब, एक काय ते सांग. दोनी डगरीवर पाय चालायचा न्हाई."

बहीण घरी येऊन जेवली नाही. शाळेचा संघ सोडला तर मायच्या अटीप्रमाणं क्लबही जाणार. क्लब सोडला तर क्लब जाणारच. मी विचारलं, "एवढं काय आहे गं त्या क्लबात?" ती म्हणाली, "शाळंत समदे मला वा वा म्हनतेत. उस्ताद एकटेच म्हनतेत, चुकलं. मग ते कसं चुकलं ते दावतेत. मला ते पायजे."

मी खासगीकरणाचा मसुदा घडी घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटायला शाळेत गेले. सर वह्या तपासत होते.

"सर, ती दोन्हीकडं खेळली तर बिघडलं काय?"

"तूच सांग की काय बिघडलं. परवा स्टँडवर तूच पत्रक वाटायल्तीस. खासगीकरन हटाव. मला बी देल्तीस."

"ते विजेचं होतं, सर."

"म्हंजे विजेचं वाईट आन् बॉलचं चांगलं?"

मी आयुष्यात बऱ्याच सभांमधे बोलले आहे, पण असं घेरलं मला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "सर, पोरगी ना शाळेच्या मालकीची, ना क्लबाच्या." सर म्हणाले, "वाक्य चांगलं हाय. पत्रकात टाक." तेवढ्यात बहीण दारात येऊन उभी राहिली. तिला मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगितलं असणार.

"सर, परभनीच्या मॅचमधी बगा. क्लबात शिकलेलं शाळंच्या कामाला आलं न्हाई, तर मी आपून क्लब सोडते."

सरांनी टोपण घालून पेन खिशात ठेवलं. "अक्काच्या म्होरं म्हनलीस बर का."

"हौ."

ती 'हौ' उस्तादांची होती. सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

सामन्याच्या दिवशी संघ टेम्पोतून परभणीला आला. मी कॉलेज बुडवून मैदानावर आधीच हजर होते. पोरी उतरल्या, आणि कॅप्टननं चारी बाजूला बघून विचारलं, "सर, हापसा कुठाय?"

सरांनी किल्ला जिंकायला आल्यासारखी नजर फिरवली. हापसा कुठंच नव्हता. मंडपाशेजारी टेबलावर पाण्याचा जार होता.

"ती बाजू धरा," सर म्हणाले.

"सर, तसं नसतंय," बहीण म्हणाली. "हापसाईड म्हंजे..."

"क्लबवाले, गप!" हे सगळ्या पोरी एका सुरात म्हणाल्या.

सामना सुरू झाला. थोड्याच वेळात बॉल जाराच्या बाजूला गेला. आमच्या पोरी शिस्तीत थांबल्या. दोघीजणी पाणी प्यायला गेल्या. समोरच्या शहरी पोरी क्षणभर गोंधळल्या, मग त्यांच्यातली एक बॉल घेऊन निघाली आणि कुणीही आडवं न येता गोलपर्यंत गेली. कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभी होती. गोल झाल्यावर ती त्या पोरीला समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, ते धरत न्हाईत."

पंचांनी धरला. थोड्या वेळानं असाच दुसराही धरला.

मग बहिणीनं मधून एक बॉल सोडला. सरळ, दोन पोरींच्या फटीतून, बघत राहावं असा. पण आमची पुढं खेळणारी मुलगी केव्हापासूनच समोरच्या गोलकीपरपाशी जाऊन उभी होती आणि तिला 'कोन्या गावची गं तू?' असं विचारत होती. बॉल तिच्याकडं गेला आणि शिट्टी वाजली. ऑफसाईड.

सर आत पळाले. "साहेब, जार तिकडं हाय! बॉल हिकडं हाय! हापसाईड कशी?"

"जार?" पंच म्हणाले.

"हापशाच्या जागी जार धरलाय आमी."

"कुणाला विचारून?"

मी कडेला उभी होते. 'पक्षपाती पंचांचा' एवढं माझ्या तोंडातून निघालंही होतं. पण मैदानाच्या मधोमध बहीण उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक निषेध अर्ध्यावर सोडला.

मध्यंतरात पोरी जाराभोवती बसल्या. बहीण त्यांच्यासमोर उभी राहिली. क्लबातली इंग्रजी, टोप्या, रेघा, यातलं ती एक अक्षर बोलली नाही.

"आपल्या हापशावर सकाळी नंबर लागतेत का न्हाई?" तिनं विचारलं.

"लागतेत," पोरी नाराजीनं म्हणाल्या.

"मग आपला नंबर यायच्या आदी म्होरं जाऊन कळशी लावली तर?"

"झिंज्या उपटतेत!" कॅप्टन म्हणाली. ती ह्या विषयात अनुभवी होती.

"हापसाईड तेच हाय. त्यांच्या गोलकीपरला सोडा. बाकीच्यातली शेवटची पोरगी हाय ना, तो शेवटचा नंबर. बॉल यायच्या आदीच तिच्या म्होरं जाऊन हुबं ऱ्हायचं न्हाई. बॉल निघाला का मग पळ. आदी गेलं म्हंजे नंबर मोडला."

मग पुढं खेळणारी म्हणाली, "आगं बाई, म्हंजे मी इतका येळ नंबर मोडून हुबी व्हते?"

"हौ."

"आन् मला कुनी शिवी बी देली न्हाई! लय चांगल्या पोरी हायत त्या."

सर मागं उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी जाराचं पाणी घेतलं, पिता पिता थांबले, मान हलवली, पुन्हा प्यायले.

मध्यंतरानंतर आमच्या पोरी वेगळ्याच झाल्या. नंबराच्या बाबतीत आमच्या गावातल्या बाईला फसवणं शक्य नाही. समोरची एखादी पोरगी पाऊलभर पुढं सरकली की आमच्या अकराच्या अकरा जणी बोट दाखवून ओरडायच्या, "नंबर मोडला! नंबर मोडला!" आणि तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजायची. एकदा शिट्टी वाजली नाही तर कॅप्टन आपला गोल सोडून विचारायला निघाली. सरांनीच तिला परत लावलं. मग बहिणीनं पुन्हा तसाच बॉल सोडला. आमची पुढं खेळणारी ह्या वेळी शेवटच्या पोरीच्या अलीकडं उभी होती, दात आवळून, घागर धरल्यासारखे हात करून. बॉल निघाला तशी ती पळाली. गोल.

पुढं आणखी झाला नाही. आम्ही दोन-एकनं हरलो. समोरच्या पोरींनी हात मिळवले, आमच्या पोरींनी त्यांना आपल्या डब्यातल्या दशम्या दिल्या.

परतताना मीही टेम्पोत बसले. बहीण कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. हरलो, म्हणजे शब्दाप्रमाणं क्लब गेला, असं तिनं धरलं होतं. बाकीच्या पोरी जिंकल्यासारख्या ओरडत होत्या. पिंगळी जवळ आली तसे सर ड्रायव्हरशेजारून मागं वळले.

"आयतवारी किती वाजता असतंय ते?"

"काय, सर?"

"तुझं ते. क्लबाचं."

"सकाळी सातला." मग ती घाबरत म्हणाली, "म्हंजे सोडू नको का, सर?"

"मी असं म्हनलो का? मी टायम इचारला."

मधल्या दिवसांत मी मसुदा पुन्हा वाचला. क्लबांच्या विरोधातला अर्धा भाग खोडला. शाळेच्या कौतुकाचाही अर्धा खोडला, कारण तीस वर्षं हातपंपाला नियम समजणाऱ्या संस्थेचं किती कौतुक करायचं यालाही मर्यादा आहे. उरलं ते एवढंच की क्लबात प्रत्येक पोराला एक बॉल मिळतो तर शाळेत वर्गाला एक तरी कपाटाबाहेर का राहत नाही, चुकलं कसं ते सांगणारा माणूस फी देणाऱ्यालाच का भेटावा, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या पोरीला वर्षभर एका जागी खेळायला का मिळू नये. हे प्रश्न मी आजही विचारते. ते पोरीला विचारायचे नसतात, 'शाळा का क्लब' म्हणून. ते ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्यांना विचारायचे असतात. अण्णांनी पत्रक वाचलं आणि म्हणाले, "उद्गारचिन्ह कमी हायत."

रविवारी सर मोटारसायकलवर क्लबात आले. पांढरा ड्रेस, गळ्यात शिट्टी, मागं कॅप्टन.

"मी फक्त निरीक्षनाला आलोय," ते उस्तादांना म्हणाले.

"हौ सर, आव. बैठो."

सर बसले नाहीत. हाताची घडी घालून उभे राहिले. पोरं टोप्यांमधून बॉल न्यायला लागली तसे ते पाऊल पाऊल पुढं सरकले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हे असं कामून?" उस्तादांनी सांगितलं. मग विचारलं, "आन् हे?" तेही सांगितलं. मग उस्तादांनी विचारलं, "सर, तुमारी लडकियां थकते कायकू नै? मेरे बच्चे पाव घंटे में बाटली पकड के बैठते." सर पहिल्यांदा हसले. "कबड्डी," ते म्हणाले, आणि दंडाच्या नव्हे तर दमाच्या जोरावरची गोष्ट बाही वर करून दाखवायला लागले.

शेवटी दोन संघ पाडून खेळायला लावलं. बहीण खेळत होती, तिच्या मागं गोलमधे कॅप्टन. इथं दोघांचं बिनसलं.

"आमच्या शाळंची हाय ती," सर म्हणाले.

"सर, इसकू बायाँ पाव चलाना किसने सिखाया?"

"पळायला कुनी शिकवलं?"

मग बहिणीच्या पायात बॉल आला आणि सर ओरडले, "म्होरं जा! म्होरं जा!" त्याच वेळी उस्ताद ओरडले, "रुको! देखो!" ती दोघांकडंही न बघता वळली आणि बॉल मागं, कॅप्टनकडं दिला.

क्लबात गोलकीपरनं काय करायचं हे कॅप्टनला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिनं जे येत होतं ते केलं. धावत आली आणि अशी लाथ घातली की बॉल सगळ्या पोरांवरून, टोप्यांवरून, माझ्या डोक्यावरून गेला आणि पांढऱ्या गाडीच्या टपावर आदळला.

'प्रेस'वाले काका बाहेर आले. टपाला पोचा पडला होता. बॉल हातात घेऊन ते मैदानाकडं बघत म्हणाले, "ही मुलगी कुणाची आहे?"

सरांनी उस्तादांकडं बोट केलं. उस्तादांनी सरांकडं.

कॅप्टन तोवर मैदान ओलांडून गाडीपर्यंत आली होती. तिनं टप बघितला, काकांकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"काका, बॉल द्या की. खेळ थांबलाय."